कान कापलेला पासपोर्ट

पेडण्याला आमच्या घरी एक निळा, गोल, पत्र्याचा डबा आहे. डेन्मार्कच्या लोण्याच्या बिस्किटांचा. त्यातली बिस्किटं १९९६ च्या चवथीला संपली, डबा अजून संपलेला नाही. आखातात माणूस असलेल्या गोव्यातल्या बहुतेक घरांत हा डबा असतो आणि कुठल्याच घरात त्यात बिस्किटं नसतात. इतरांकडे सुया-दोरे असतात, आमच्याकडे कागद आहेत. रेशनकार्ड, आईच्या लग्नाची पत्रिका, घरपट्टीच्या पावत्या, माझी दहावीची गुणपत्रिका (ती मी सर्वांत खाली सरकवून ठेवलेली आहे) आणि माझे चार पासपोर्ट.

चारांपैकी तीन मेलेले, एक जिवंत. ओळखायला उघडून बघावं लागत नाही. मेलेल्यांचा एक कोपरा कात्रीने तिरका उडवलेला आहे. आमच्या वाड्यावर नसबंदी झालेल्या कुत्र्यांच्या कानाला अशीच खाच मारलेली असते. तिचा अर्थ एवढाच की याच्यापासून आता पुढे काही निपजायचं नाही. पण म्हणून कुत्रं काही गाव सोडून जात नाही. ते दारातच पडून राहतं, अधूनमधून भुंकतं आणि जेवायच्या वेळी हजर असतं. रद्द पासपोर्टाचंही तसंच.

नवा पासपोर्ट कसा काढायचा हे सांगणारे एजंट म्हापशापासून दुबईपर्यंत पैशाला पासरी मिळतात. जुन्याचं काय करायचं हे मात्र कोणी सांगत नाही. सरकार कोपरा कापतं, शिक्का मारतं आणि तो तुमच्याच हातात परत ठेवतं. गंमत म्हणजे १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे पासपोर्ट आपला नसतोच, तो केंद्र सरकारच्या मालकीचा. आपण नुसते सांभाळणारे. म्हणजे जमीन सरकारची, कूळ मी, आणि राखण आईची. आईचं धोरण ठरलेलं आहे. कुठलाही कागद दिसला की ती म्हणते, “दवर. कामाक येतलें.” म्हणजे ठेव, कामाला येईल.

पहिला पासपोर्ट १९९४ चा, पणजीचा, हाताने लिहिलेला. हल्लीच्या मुलांना हे खोटं वाटतं. पण त्या काळी पासपोर्टात माणसाचं नाव कारकून शाईने लिहायचा आणि त्या दिवशी त्याचा हात जसा चालेल तसे आपण जगभर ओळखले जायचो. माझ्या आडनावातल्या शेवटच्या अक्षराला त्याने अशी काही शेपटी दिली आहे की दहा वर्षं प्रत्येक विमानतळावर मी परब आहे की परळ, यावर विचारविनिमय झाला. फोटोत मी म्हापशाच्या स्टुडिओतला कोट घातलेला आहे. कोट आणि टाय दोन्ही स्टुडिओचे, घाम तेवढा माझा. हे हस्तलिखित वाङ्मय पुढे जगानेच निकालात काढलं. २४ नोव्हेंबर २०१५ नंतर यंत्राला वाचता न येणारे पासपोर्ट कुठे चालेनासे झाले. माझा त्याच्या अकरा वर्षं आधीच रद्द झाला होता.

जन्मस्थानाच्या जागी त्या कारकुनाने इंग्रजीत लिहिलं, ‘पेर्नेम’. आम्ही पेडण्याचे लोक जन्मतो पेडण्यात, लग्न करतो पेडण्यात, मरतोही पेडण्यात. पेर्नेमला आम्ही फक्त कागदावर जातो. बायको डिचोलीची. तिच्या पासपोर्टात ‘बिचोलिम’. दोघांचे पासपोर्ट शेजारी ठेवले तर हे लग्न लिस्बनच्या एखाद्या उपनगरात लागलं असावं असं वाटतं. दुबईच्या एका अधिकाऱ्याने मला विचारलं होतं, “पर्नीम? इंडियात?” मी होय म्हटलं. त्याने माझ्याकडे, मग पासपोर्टाकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पेडण्याच्या इतिहासाबद्दल मोठं कुतूहल होतं, पण माझ्या मागे दोनशे माणसं उभी होती. नाहीतर सांगितलं असतं, की आमचे दोन्ही तालुके आधी सावंतवाडीकरांचे. डिचोली १७८०च्या दशकाच्या आरंभी आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेलं, म्हणून त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. पावणेदोनशे वर्षं राहून पोर्तुगीज आमच्याकडे दोन वस्तू विसरून गेले. एक, गावांच्या नावाच्या शेवटी चिकटलेला तो ‘म’. आणि दुसरी, कागद जपायची खोड.

२००४ साली, मी दुबईत असताना पहिल्याची मुदत संपली. तिथेच नवा काढला, जुना कान कापून परत आला. पण राहण्याचा व्हिसा चिकटवलेला होता जुन्यात, आणि त्याला अजून दीड वर्ष होतं. देह गेला होता, आत्मा शाबूत. मग दोन्ही पासपोर्ट रबरबँडने बांधून फिरायचं. हे सासू-सुनेचं प्रकरण होतं. नवी सून कोरी, चकचकीत, कागदोपत्री घराची मालकीण. पण किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेला. खिडकीवरचा अधिकारी सून हातात घ्यायचा, तिचं सगळं तपासायचा आणि शेवटी विचारायचा, “व्हिसा?” की मी मुकाट्याने सासू पुढे करायचो. रबरबँड काढताना तो हमखास तुटायचा. त्या दीड वर्षात मी खिशात सुटे पैसे नसले तरी सुटे रबरबँड बाळगत असे. पुढे २०२२ च्या एप्रिलात अमिरातींनी पासपोर्टात व्हिसा चिकटवणंच बंद केलं. आता सगळं ओळखपत्रात असतं. माझे रबरबँड वाया गेले. तेही डब्यात आहेत. “दवर,” आई म्हणाली.

दुसऱ्या पासपोर्टाची हकीकत मात्र सांगताना अजून कान लाल होतात. २००९ साली तो हरवला. मुदत शिल्लक, पानं शिल्लक, पासपोर्ट गायब. खोलीत आम्ही सहाजण राहत होतो. गाद्या उलट्यापालट्या झाल्या, एकमेकांवर संशय घेऊन झाला, तळातल्या बॅगांची अस्तरं उसवून झाली. शेवटी पोलिसांत नोंद केली, वकिलातीत अर्ज दिला, तो कसा आणि कुठे हरवला हे शपथेवर लिहून दिलं. शपथेवर लिहिताना कल्पनाशक्तीला जरा ताण द्यावा लागला, कारण कुठे हरवला हे ठाऊक असतं तर हरवला कशाला असता? यथावकाश नवा आला. मी गंगेत घोडं न्हालं म्हणून घरी फोन केला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी माझे उकडे तांदूळ संपत आले. पेडण्याहून आणलेले तांदूळ मी एका मोठ्या डब्यात ठेवत असे. तळातून शेवटचं माप काढायला हात घातला तो तांदळाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट हाताला लागला. तेव्हा कुठे आठवलं, की मीच तो तिथे लपवला होता. खोलीतल्या बाकी पाचजणांना पांढराशुभ्र तांदूळ लागायचा. आमच्या लालसर, जाड तांदळाला कोणी बोट लावणार नाही हा माझा हिशेब होता. हिशेब चोख होता. बोट कोणीच लावलं नाही. मीही नाही.

एखादा माणूस बेपत्ता झाला, घरच्यांनी रडून घेतलं, दहावं-बारावं उरकलं, जागेवर नवा माणूस रुजू झाला आणि तेराव्या दिवशी पानावर बसायच्या वेळेला मूळ माणूस दारात उभा राहिला, तर घरात जे वातावरण होईल ते माझ्या एकट्यात झालं. आनंद व्हावा की भीती वाटावी? दिसायला तो धडधाकट. कोपरे चारही शाबूत. पण ज्या क्षणी हरवल्याची नोंद झाली त्या क्षणी तो मेला. नंतर सापडला म्हणून जिवंत होत नाही. हरवला म्हणून नोंदवलेला पासपोर्ट घेऊन विमानतळावर गेलात तर अडचणीत तुम्ही येणार, पासपोर्ट नव्हे. तेव्हा मी तो घेऊन पुन्हा खिडकीवर गेलो. “सापडला,” म्हटलं. खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट उघडला. दोन पानांच्या मधोमध तांदळाचा एक दाणा बसला होता. त्याने तो दाणा बोटाने उचलून काउंटरवर ठेवला, माझं शपथपत्र काढून त्यात ‘प्रवासात’ हा शब्द वाचला, पुन्हा दाण्याकडे पाहिलं आणि एक अक्षर न बोलता कात्री उचलली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सभ्य अपमान.

तिसरा दहा वर्षं सरळ नांदला. २०१९ ला चौथा आला आणि पुढच्या वर्षी मी कायमचा घरी आलो. मग तीन कान कापलेल्यांचं काय करायचं यावर बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, सभा भरली. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, जाळून टाका, उगाच चोराचिलटांच्या हाती लागतील. यावर बायको म्हणाली, मुखपृष्ठावर सोन्याच्या रंगात अशोकस्तंभाचे सिंह आहेत, ते चुलीत कसे घालायचे? मग विसर्जन करू, असा प्रस्ताव आला. चवथीला गणपतीबरोबर नेऊन ओहोळात सोडावेत. त्यावर मास्तरांनीच हरकत घेतली, की उद्या सरकारी मालमत्ता बुडवली म्हणून कोणी विचारलं तर? एकाने सुचवलं, पानं फाडून पुड्या बांधा. त्याच्याशी आईने पुढे दोन दिवस अबोला धरला. शेवटी ठराव झाला, म्हणजे आईने डबा उचलून आत नेला.

आणि ती म्हणते तसे ते कामाला आलेच. परदेशातून परतलेल्या माणसाचा आयकर ठरवताना तो मागची दहा वर्षं देशात किती आणि बाहेर किती होता, हे पाहतात. वर्षात १८२ दिवस देशात काढले की तुम्ही इथले. म्हापशाच्या हिशेबनिसाने सांगितलं, तारखा आणा. मी तिसरा पासपोर्ट घेऊन बलकांवात बसलो. शिक्के निळे, जांभळे, अर्धे, एकावर एक. काही इतके पुसट की अधिकाऱ्याने शिक्का मारलाय की नुसता हात टेकलाय कळेना. भिंग घेतलं. तरी २०१३ साल जुळेना. तेवढ्यात नारळ सोलता सोलता आई म्हणाली, “त्या वर्षी तू चवथीला आलाच नव्हतास.” मी म्हटलं, आलो असेन. ती म्हणाली, “गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला मास्तरांच्या पोराला बोलावला होता. त्याने कांगलं उलटं बांधलं.” पासपोर्ट पुन्हा पाहिला. २०१३ च्या पावसाळ्यात एकही शिक्का नव्हता. दहा वर्षांचा सगळा हिशेब आईने मग तोंडी सांगितला, कुठल्या वर्षी किती दिवस होतो, कुठल्या वर्षी दीड दिवसाचाच गणपती केला कारण मला परत जायचं होतं. हिशेबनिसाला तिचं म्हणणं पुरावा म्हणून चाललं नसतं, म्हणून आम्ही पासपोर्टाची नक्कल जोडली.

डिचोलीकडची गोष्ट याहून वरताण. माझा मेव्हणा इंग्लंडात स्विंडनला असतो. तिथे इतके गोवेकर आहेत की त्याला तिथे गेल्यापासून इंग्रजी फारसं सुधारता आलेलं नाही. तो गेला पोर्तुगीज पासपोर्टावर. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतो आणि तो हक्क मुलानातवंडांपर्यंत झिरपतो. त्यासाठी लिस्बनला वडीलधाऱ्यांचा जन्म नोंदवावा लागतो. आजोबांची जन्मनोंद निघाली ती पोर्तुगीजमध्ये. आपल्या चार अक्षरी इंग्रजी नाईकाला तिथल्या कारकुनाने सहा अक्षरं बहाल केली होती, शेवटची तीन क्यू, यू, ई. मेव्हण्याच्या भारतीय पासपोर्टात मात्र के. म्हणजे आजोबा क्यूवाले, नातू केवाला. हे एकाच घरातले आहेत हे सिद्ध करायला त्याला इतके कागद लागले की सासऱ्यांच्या कपाटाची बिजागरी निघाली.

सासरे मूळचे मयेचे, त्यांना जुन्या कागदाची महती पटवावी लागत नाही. त्या गावातली पुष्कळशी जमीन एका पोर्तुगीज सरदाराची. १९६१ ला मालक निघून गेला आणि ती स्थलांतरिताची मालमत्ता ठरली. गावातल्या लोकांना हक्क देणारा कायदा आला २०१४ साली. मालक गेला तरी पन्नासेक वर्षं त्याचा कागद गावावर राज्य करत होता. तेव्हा कान कापलेला पासपोर्ट सासऱ्यांच्या लेखी तरणाबांड.

पोर्तुगीज झाल्यावर मेव्हण्याला भारतीय पासपोर्ट सोडणं भाग होतं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने दोन देशांचा संसार एकाच वेळी करता येत नाही. या सोडण्याला सरकारी भाषेत ‘सरेंडर’ म्हणतात. सासरे म्हणाले, “१९६१ ला पोर्तुगीज आपल्याला शरण आले. आणि हा २०१३ ला पोर्तुगीज व्हायला शरण चाललाय.” त्याने पासपोर्ट दिला, दाखला घेतला, कोपरा कापलेला परत घेतला. मग ओसीआय काढलं, म्हणजे परदेशी झालेल्या भारतीयाला घरी यायची आजन्म मुभा. त्या वेळी त्याचं स्टिकर पोर्तुगीज पासपोर्टात चिकटवत. पाच वर्षांनी तो पासपोर्टही संपला, नवा आला, आणि ही आजन्म मुभा पुन्हा जुन्यातच अडकली! त्यामुळे डिचोलीला यायचं तर जिवंत पोर्तुगीज, मेलेला पोर्तुगीज आणि हाती असावा म्हणून मेलेला भारतीय, अशा तिघांना घेऊन तो उतरायचा. खिसा बघावा तर कोट गरोदर वाटे. २०२१ च्या मार्चमध्ये सरकारने जाहीर केलं, की ओसीआयवाल्यांनी आता जुना पासपोर्ट बाळगायची गरज नाही. मेव्हण्याने बातमी वाचली, सासूबाईंना वाचून दाखवली. सासूबाई म्हणाल्या, “ते जाहीर करणारा काय तुझ्याबरोबर विमानतळावर येणार आहे?” तो अजून तिन्ही आणतो.

या सगळ्यात आईचा स्वतःचा पासपोर्ट नव्हता. तिला कधी लागलाच नाही. तिच्या लहानपणी सरहद्दच घरापासून तीन कोसांवर होती, पत्रादेवीला. पलीकडे बांदा, म्हणजे परदेश. मग एक दिवस, ती तेरा वर्षांची असताना, तिने घराचा उंबरठा न ओलांडता देश बदलला. परदेश होता तो बाजाराचा गाव झाला. आता माझी मुलगी दुबईला नोकरीला लागली आहे, आणि तिने आजीला बोलावलं. २०२४ मध्ये आम्ही अर्ज भरला. ज्येष्ठ नागरिक म्हणून दीडशे रुपयांची सूट मिळाली, म्हणजे १३५० रुपयांत जग खुलं. काउंटरवर बोटांचे ठसे घेताना यंत्राने तीनदा नकार दिला. सत्तर वर्षं नारळ किसून बोटांवर ठसा उरला नव्हता. चौकशीला आलेल्या पोलिसाने विचारलं, “आजी, गेल्या वर्षभरात कुठे राहत होता?” आई म्हणाली, “रांदचे कुडींत.” म्हणजे स्वयंपाकघरात. त्याने ते कसं लिहिलं कोण जाणे, पण पासपोर्ट आला. जन्मस्थान पेर्नेम. शेवटी आईही एकदाची पेर्नेमला पोचली.

मोपाचा विमानतळ आमच्याच तालुक्यात, ५ जानेवारी २०२३ पासून चालू झालेला. पूर्वी दाबोळीला जायचं तर पहाटे दोनला उठून अर्धा गोवा ओलांडावा लागे. आता जेवून निघालो. मुंबईला विमान बदलताना तिच्या पासपोर्टावर पहिला शिक्का पडला. तो ओला आहे असं समजून तिने त्यावर तीन वेळा फुंकर घातली. महिनाभर नातीकडे राहिली, नातीच्या तांदळाला नावं ठेवली आणि परत आली.

आल्या आल्या पाय धुऊन तिने निळा डबा काढला आणि नवाकोरा पासपोर्ट माझ्या तीन कान कापलेल्यांच्या वर ठेवून झाकण लावू लागली. मी म्हटलं, “आई, हा चालू आहे. जिवंत आहे. तो वेगळा ठेव, या मेलेल्यांत नको.”

तिने झाकण दाबून बसवलं. डबा फळीवर ठेवला.

“फाल्यां तोय हांगाच येतलो न्हय?” ती म्हणाली. “आतांच वळख जांव दी.”